आणि पार्टी

गाणी बसवणारे वाल्मीक मास्तर पुण्याहून येणार म्हणून साळूबाईनं पडवीत घोंगडी अंथरली, आणि कोंडाजी येणार म्हणून पाण्याचा तांब्या भरून ठेवला. दीर भांडायला लागला की त्याचा घसा लवकर सुकत असे.

वैशाख उतरणीला लागला होता. भाताचं रोप टाकण्याआधी शेतात पालापाचोळा जाळून राब भाजायची घाई होती, तरी कंधाऱ्यांच्या घरातली पुरुषमाणसं कामं टाकून बसली होती. कारण एकच, ती तबकडी.

साळूबाईच्या थोरल्या सुनेनं, गोजरानं, गेल्या दिवाळीआधी मुंबईला जाऊन एक गाणं म्हटलं होतं. भात लावताना बायका म्हणतात तसलं. दिवाळी झाली, तबकडी बाजारात आली, आणि बघता बघता ती जिकडंतिकडं वाजायला लागली. पौडच्या यष्टी स्टँडवर बहिरूच्या हॉटेलात भट्टी पेटायच्या आधी ती लागे. लग्नसराईत एका मांडवातला कर्णा थांबला की दुसऱ्या मांडवातला तेच गाणं धरी. पुण्याच्या बँडवाल्यांनी ते वाजवायला घेतलं. महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी कचेरीपुढच्या मंडपात पुढाऱ्यांची भाषणं आटोपली, आणि लोकांनी ओरडून ओरडून तीच तबकडी लावायला लावली.

गाण्यात होतं तरी काय? दिवसभर चिखलात राबून सून घरी येते आणि सासू दारात आडवी होते.

*सासूबाई म्हणत्यात, पाय धू, पाय धू!*
*न्हाई धुवायाची गं, न्हाई धुवायाची!*
*ज्या चिखलात पिकतो तुमचा भात,*
*त्यो चिखल घिऊन येईन घरात,*
*न्हाई धुवायाची गं, न्हाई धुवायाची!*

सांगणं गोजराचं आणि नकार फुलाबाईचा. फुलाबाई वरच्या डोंगरवाडीतली, कंधाऱ्यांच्या शेतावर मजुरीला येणारी. या कड्यावरून त्या कड्यावर हाक मारायची सवय असलेला तिचा आवाज. लोक गुणगुणत ते गोजराच्या ओळी नव्हेत, फुलाबाईचा नकार. शाळेत पोरांना पाढे म्हणायला सांगितलं की मागून कुणीतरी 'न्हाई म्हनायाची गं' सुरू करी आणि छड्या खाई.

तबकडीवर मात्र छापलं होतं, 'गोजराबाई आणि पार्टी'. फुलाबाई म्हणजे ती पार्टी.

मास्तर आले, चहा झाला. कोंडाजीनं पाणी पिऊन घेतलं आणि सुरुवात केली.

"दादा, मी आडपडदा ठेवत न्हाई. म्हाळुंग्याच्या मानसांचा निरोप आलाय. म्हनत्यात, तुमच्या घरातल्या बाया प्लेटीवर गात्यात, आमाला इचार करावा लागंल. माझ्या रंभाची सोयरीक ह्या गान्यापायी मोडली तर तिला कुटं देऊ? डोंगरावर?"

साळूबाईचा नवरा गेणबा गुडघ्याला हातांची मिठी मारून बसला होता. धाकट्या भावाच्या बोलण्यात तथ्य आहे हे त्याला कळत होतं. पण जत्रेत तहसीलदारांनी त्याला हाताला धरून पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं, 'गोजराबाईंचे सासरे' म्हणून. तेही त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

"मास्तर, तुमचं काय म्हननं?"

"कंपनीला दुसरी तबकडी हवी आहे, आबा. पावसाळ्याच्या आत. येत्या शनिवारी स्टुडिओ मिळतोय," मास्तर म्हणाले. "लोक विचारताहेत. गरम आहे तोवर..."

"तोवर आमची अब्रू भाजून घ्या!" कोंडाजी म्हणाला.

गेणबानं हात वर केला. "आयका. आमची खालची समदी जमीन धरनात गेली. मी पोर व्हतो. बाच्या खांद्यावर बसून पान्यात बुडालेला आमचा आंबा बघितला. तवा बा म्हनला, जमीन गेली, आता नाव तेवढं सांभाळा. ते मी सांभाळलं. आता मला दिसतंय, ह्या गान्यानं नाव मोठं बी व्हतंय आन जातंय बी. तर मी मधली वाट काढतो. सूनबाईनं गावं. पर देवाचं गावं. आन एकटीनं गावं. प्लेटीवर नाव पुरं घालायचं, सौभाग्यवती गोजराबाई जयसिंग कंधारे. त्यो दंगा, त्या मजूर बाया, ते समदं बंद."

कोंडाजीच्या कपाळावरच्या आठ्या जरा सैल झाल्या. "देवाचं म्हनल्यावर म्हाळुंगंकर काय बोलत्याल?"

"बोलायला जागाच न्हाई."

"आन जयसिंगचं नाव बी ऱ्हातंय."

घटकेपूर्वी एकमेकांवर डोळे वटारणारे दोघे भाऊ आता एकाच घोंगडीवर सरकून बसले.

जयसिंग खांबाला टेकून ऐकत होता. आपलं नाव निघालं तेव्हा तो ताठ झाला. खरं तर या सगळ्याची सुरुवात त्याचीच. भजनी मंडळात तो ढोलकी वाजवी. गेल्या भातलावणीच्या दिवसांत मास्तरांना तोच पुण्याहून घेऊन आला आणि बांधावर बसवून म्हणाला, "आमच्या बायांचं ऐका." मुंबईलाही त्यानंच नेलं होतं, गोजरा आणि फुलाबाई दोघींना, कडेवर ढोलकी घेऊन.

स्टुडिओतली ती सकाळ मात्र त्याला नीट आठवायची नसे. दोघी उभ्या राहून गायला लागल्या की सूरच सापडेना. जन्मभर वाकून म्हटलेलं गाणं ताठ उभं राहून कसं यावं? शेवटी गोजरानं पदर खोचला आणि भात लावायला वाकतात तशी वाकली. फुलाबाईही वाकली. माइक खाली आणावा लागला. मग नवीच पंचाईत. लावणी करताना माणूस मागं मागं सरकतं, तशा दोघी गाता गाता मागं सरकत भिंतीला जाऊन टेकल्या. सगळे हसले, जयसिंगही हसला. नंतर गाणं थांबवायचं कुठं, यावर अडलं. शेतात ते खाचर संपेपर्यंत चालतं, आणि तबकडीवर तीनच मिनिटं. मास्तरांनी हात खाली केला की थांबायचं, असं ठरलं. तेवढ्यात कंपनीच्या साहेबांनी जयसिंगकडं पाहिलं आणि म्हणाले, "ढोलकीला आमचा माणूस आहे. तुम्ही बाहेर बसा." तो बाहेर बसला. काचेतून त्याला बायकोचं तोंड हलताना दिसत होतं आणि काही ऐकू येत नव्हतं.

तेव्हापासून स्टँडवर, बाजारात, सोसायटीत, जो तो त्याला म्हणे, "ह्ये गोजराबाईंचं मालक बरं का!"

"आबा बोलत्यात ते बराबर हाय," जयसिंग म्हणाला. "देवाचं गावं. मी नेतो शनवारी."

दाराआडून गोजराचा आवाज आला. "मला इचारा की कुनी."

गेणबा दाराकडं वळला.

"सूनबाई, तुला काय इचारायचं त्यात? तुझ्या भल्याचंच..."

ती बाहेर आली. डोक्यावरचा पदर तिनं सारखा केला, पण नजर खाली घेतली नाही. "मामंजी, मला देवाचं गानं येत न्हाई. मला शेतातलं येतं. आन ते बी एकटीला येत न्हाई. मी हाक मारायची आन समोरून कुनी ओ द्यायची न्हाई, असलं कसलं गानं? फुली असंल तर मी हाय. न्हाईतर न्हाई."

"मास्तर, सांगा हिला," जयसिंग म्हणाला.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. ते पुण्याचे, स्वभावाचे भिडस्त. पण खोटं बोलणं त्यांना जमत नसे. "जयसिंगराव, खरं सांगू? लोकांनी तबकडी घेतली ती त्या 'न्हाई'साठी."

"मंजी मजुराच्या बाईसाठी?" कोंडाजीचा आवाज चढला. "कंधाऱ्यांच्या सुनंनं तिच्या बरुबरीनं..."

"मालक, म्या हितंच हाय."

अंगणात फुलाबाई उभी होती. राब भाजून थेट आलेली, हातापायांवर राख, केसांत पाल्याचा चुरा. जेवणाची भाकरी घ्यायला ती आली होती आणि केव्हापासून ऐकत होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. या अंगणात ती लहानपणापासून येत होती, आईच्या, तानुबाईच्या, लुगड्याला धरून. पडवीच्या पायरीवर तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. आजही टाकलं नाही. पण आवाज टाकला.

"आन वैनी, तुमी माझ्यापायी न्हाई म्हनू नगा. माझं मला म्हनू द्या."

गोजराला ते लागलं.

"परवा म्या पौडाला गेलते," फुलाबाई म्हणाली. "बहिरूच्या हाटेलात आपलंच गानं लागलेलं. म्या दारात उभी राहून आयकत व्हते. बहिरू म्हनतो, ए बाई, बाजूला हो, गिऱ्हाईक येतंया. म्या म्हनलं, अरं, ह्यो माझा आवाज हाय! तर आतली समदी हासली. एकजन तबकडी आनून म्हनला, दाव कुटं तुझं नाव. चिंधू, माझा नवरा, संगं व्हता. त्यो बी हासला, मालक. त्याला बी खरं वाटंना." तिनं तोंडावरची राख मनगटानं पुसली, ती आणखीच पसरली. "तर माझं म्हननं आयका. पार्टी म्हनून म्या पुन्यांदा गानार न्हाई. फुलाबाई म्हनून छापा. न्हाईतर दुसरी बघा."

"मजुरी बंद करीन!" गेणबा ओरडला.

"करा. राब निम्माच भाजलाय. निम्मा तुमी भाजा."

कोंडाजी उठून उभा राहिला. जयसिंगनं बायकोकडं पाहिलं, आणि त्याला तिच्या चेहऱ्यावर हसू फुटताना दिसलं. त्या हसण्यानंच त्याचं डोकं फिरलं.

"मग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "मी न्हेनार न्हाई. बघू कोन मुंबई दावतंय तुमाला!"

"आन मी सांगतो," गेणबा म्हणाला, "माझ्या शब्दाभाईर जी ह्या घरातनं जाईल, तिनं परत यायचा इचार करू नये."

गोजराचं हसू विझलं. सासऱ्याचा शब्द मोडता येतो हे तिला आता उमगलं होतं. पण नवऱ्याशिवाय, पुरुषमाणसाशिवाय मुंबईला जायचं कसं, आणि परत आल्यावर दार लागलेलं असेल तर कुणाच्या दारी उभं राहायचं? ती मास्तरांकडं पाहू लागली. मास्तर घोंगडीकडं पाहत होते.

"मी न्हेते," साळूबाई म्हणाली.

एवढा वेळ ती चुलीजवळच्या उंबऱ्यात बसून निवडणं करत होती. सूप बाजूला ठेवून ती उठली.

"तू?" गेणबाला हसू आलं. "पौडाच्या पल्याड कवा गेली व्हतीस?"

"न्हाई गेले. तुमी न्हेलं न्हाई."

"वैनी, तुमाला कळतंय का?" कोंडाजी म्हणाला. "त्या गान्यात सासूची नालस्ती हाय. मंजी तुमची! समदा तालुका तुमच्यावर हासतुया, आन तुमीच..."

"भावजी, ह्येच तर कुनाला कळंना झालंय." साळूबाईनं हात झटकले. "समद्यांला वाटतं त्या गान्यातली सासू मंजी मी. मला न्हाई तसं वाटत. मी ह्या घरात आले तवा तुमच्या आईनं मला ह्याच दारात उभी केली व्हती. दिवसभर लावनी करून आले, पायाला भेगा पडल्या व्हत्या, आन ती म्हनली, आदी धू. हिरीचं पानी शेंदून आन, धू, मग आत ये. मी धुतलं. रोज धुतलं. न्हाई म्हनता येतं, ह्ये मला कुनी सांगितलंच न्हाई. आता कर्ना लागतो आन ही फुली 'न्हाई' म्हनती, तवा ते माझं म्हननं असतं. तुमी हासा. मी मातुर मुंबईला जानार. ती दोन नावं छापल्याबिगर ह्या दोघींना तोंड उघडू देनार न्हाई."

"साळू," गेणबा खालच्या आवाजात म्हणाला. चारचौघांत त्यानं तिला नावानं कधी हाक मारली नव्हती. "मी काय म्हनलो ते आयकलंस न्हवं? परत यायचं न्हाई."

"आयकलं. पर भाकरी कोन थापंल त्येचा इचार तुमी करून ठेवा."

फुलाबाई खळखळून हसली. कोंडाजीला पाणी हवं होतं, पण तांब्या रिकामा होता आणि तो भरायला कुणी उठलं नाही.

शुक्रवारी पहाटे तिघी निघाल्या तेव्हा अंगणात बैलगाडी जुंपलेली होती. जयसिंग जुवाजवळ उभा होता. पौडच्या स्टँडपर्यंत त्यानं गाडी हाकली, गाठोडं यष्टीत चढवलं, आणि गोजरा बसली त्या खिडकीखाली उभा राहून दुसरीकडं बघत म्हणाला, "त्या ढोलकीवाल्याला सांग, 'न्हाई'च्या आदी थाप सोडायची. मागल्या टायमाला त्यानं भरून टाकली व्हती."

"सांगते," ती म्हणाली.

शनिवारी मुंबईत कंपनीच्या रेगे साहेबांनी तिघींना बसायला खुर्च्या दिल्या आणि तिथंच येऊन भेटलेल्या मास्तरांचं म्हणणं ऐकून घेतलं. मग समजूत घालावी तसे म्हणाले, "हे पाहा, 'आणि पार्टी' लिहायचा रिवाज आहे. साथीला गाणाऱ्यांची नावं आम्ही कुणाचीच छापत नाही."

"साथ न्हाई," गोजरा म्हणाली. "जोड हाय."

"मग आज रेकॉर्डिंग होणार नाही."

"न्हाई तर न्हाई," साळूबाई म्हणाली आणि खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसली. तिला खुर्ची टोचत होती.

वाजंत्री मंडळी वाद्यं लावून बसली होती. साहेब आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. दुपार झाली. साळूबाईनं गाठोडं सोडलं. तांदळाच्या भाकरी आणि सुकटीची चटणी. चारी बाजूंनी बंद असलेल्या त्या खोलीत सुकटीचा वास असा भरला की व्हायोलिनवाला खिडकी शोधू लागला. साळूबाईनं त्याच्याही हातावर भाकरी ठेवली. ढोलकीवाल्यानं दोन मागून घेतल्या, आणि खाता खाता गोजरानं त्याला थापेचं सांगितलं. त्यानं उष्ट्या हातानंच मांडीवर वाजवून पाहिलं आणि मान हलवली.

साहेबांनी मग आपला हुकमाचा पत्ता काढला. शेजारच्या खोलीत एक शिकलेली गायिका होती. तिला बोलावून नव्या गाण्यातल्या फुलाबाईच्या नकाराच्या ओळी तिच्याकडून म्हणवून घेतल्या. तिनं सुरेल म्हटल्या, फार गोड म्हटल्या. म्हणून झाल्यावर ती बाई स्वतःच थांबली आणि साहेबांना म्हणाली, "हे माझं नाही हो. मी नकार देतेय असं वाटतच नाही. परवानगी मागतेय असं वाटतं."

रेगे साहेब काचेपलीकडं गेले. मग त्यांनी मास्तरांना आत बोलावलं. मास्तर परत आले ते घाम पुसत. "दोन्ही नावं छापतील," ते म्हणाले. "एकाच आकारात."

"लिहून घ्या," साळूबाई म्हणाली. मास्तरांनी लिहून घेतलं.

पुढं काय झालं ते तालुक्याला ठाऊक आहे. ही तबकडी पहिलीइतकी खपली नाही, पण खपली. रंभाची म्हाळुंग्याची सोयरीक मोडली, आणि कोंडाजीनं दोन वर्षं थोरल्या घरचं पाणी घेतलं नाही. गेणबानं दार लावलं नाही. पण बायकोशी तो सबंध पावसाळा बोललाही नाही. तिनंही विनवण्या केल्या नाहीत. राहिलेला राब त्यानं आणि जयसिंगनं मिळून भाजला, आणि लावणीला फुलाबाईला बोलवायला जयसिंग स्वतः डोंगरवाडीवर चढून गेला.

हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मात्र कोणाला काहीच ठाऊक नव्हतं. दार बंद झालं. साळूबाईला कोपऱ्यात बसवून, खोकायचं नाही म्हणून बजावण्यात आलं, तेव्हा तिनं पदराचा बोळा करून तोंडावर धरला. गोजरा आणि फुलाबाईनं पदर खोचले आणि दोघी माइकपुढं वाकल्या. मास्तर हळूच म्हणाले, "गोजराबाई, तुमची ओळ आधी."

गोजरानं मान हलवली. "ह्या टायमाला फुली आदी."

"पण बसवलंय तसं..."

"तिला आदी म्हनू द्या. मी ओ देते."

मास्तरांनी काचेकडं पाहिलं. पलीकडून साहेबांनी, काय हवं ते करा, असा हात केला. लाल दिवा लागला. सुरू करायच्या इशाऱ्यासाठी मास्तरांनी हात उचलला होता. पण फुलाबाईचं तिकडं लक्षच नव्हतं. तिनं छाती भरून घेतली, आणि मास्तरांचा हात खाली यायच्या आतच तिचा आवाज सुटला,

*कुनी भाजला राब गं, कुनी पेरलं बी?*

काचेपलीकडच्या यंत्राचा काटा पार टोकाला जाऊन थडकला. तो मागं यायच्या आत गोजरानं ओ दिली.